नाताळची भेट आणि आपली ऐपत
(कुटुंबांनी व उपदेशकांनी मिळून अभ्यासण्याचा पाठ)



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचला गेला, शेताच्या ओलीवर वाल पेरले गेले, आणि पाहता पाहता ख्रिस्तजयंतीचा सण जवळ येऊन ठेपला. अशा दिवसांत डहाणू व तलासरीकडील लहान लहान मंडळ्यांतून फिरताना एकच प्रश्न वारंवार आमच्या कानी पडतो. सायवन येथे एका उपदेशकबंधूने तो अगदी साध्या शब्दांत आम्हांस विचारला : "पाळकसाहेब, सण तर देण्याचा आहे, आणि हात रिकामा आहे. लेकरांस काय द्यावे? शेजाऱ्यास काय द्यावे?"

प्रश्न लहान नाही. ज्याच्या घरी पैसा खेळतो त्यास तो सुचणारही नाही. परंतु ज्याचा संसार दोन एकर खडकाळ जमिनीवर आणि चार महिन्यांच्या मजुरीवर चालतो, त्यास सणाच्या आधीच्या रात्री झोप येऊ न देणारा हा प्रश्न आहे. म्हणून ह्या आठवड्याचा पाठ आम्ही ह्याच विषयावर देत आहो. पाठापूर्वी घरातील वाचता येणाऱ्याने लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील २१ ते ३८ ही वचने, आणि लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय, मोठ्याने वाचावा. तो अध्याय लहानच आहे.

१. मंदिरात नेलेली दोन पाखरे

प्रभूच्या जन्मानंतर शुद्धीकरणाचे दिवस पुरे झाले तेव्हा योसेफ व मरीया बाळास घेऊन यरुशलेमेस गेली. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे प्रसूत झालेल्या स्त्रीने एक कोकरू व एक पाखरू अर्पण करावयाचे असे. परंतु त्याच नियमात पुढे सांगितले आहे की, कोकरू आणण्याची जिची ऐपत नसेल तिने दोन पाखरेच आणावीत. लूक लिहितो ते ह्या दुसऱ्या अर्पणाविषयी. कोकराचे नावही तो घेत नाही. ह्यावरून प्रभूचे आईबाप गरीब होते हे आपण ओळखतो.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, गरिबाकरिता जागा देवाने नियमातच करून ठेविली होती. ती कोणी दयेने मागाहून दिलेली सूट नव्हती. दुसरी ही की, योसेफ सुतार होता, चार लोकांत त्याची ओळख असेल, कोणाकडून उसने घेऊन कोकरू आणणे त्यास अशक्य होते असे नाही. तरी त्याने आपल्या ऐपतीचेच अर्पण आणिले, आणि त्याची लाज धरिली नाही. तिसरी गोष्ट सर्वांत गोड आहे. म्हातारा शिमोन त्याच दिवशी त्यांस भेटला. त्यांनी काय आणिले आहे हे त्याने पाहिले नाही. त्याने बाळास हातांत घेतले आणि देवाचा धन्यवाद केला.

कोणी म्हणेल, "पण मागी लोकांनी तर सोने, ऊद व गंधरस आणिला!" होय, आणिला. परंतु मत्तय सांगतो की त्यांनी आपल्या थैल्या सोडून त्यांतून ह्या वस्तू काढिल्या. जे त्यांच्यापाशी होते तेच त्यांनी दिले. ते किती जण होते हेही शास्त्र सांगत नाही. तीन ही संख्या आपण भेटी मोजून ठरविली आहे. मनुष्ये विसरून भेटी मोजण्याची आपली सवय किती जुनी आहे पाहा!

२. ऋण काढून दिलेली भेट

आता ह्या भूमीची एक आठवण सांगितली पाहिजे. कारण जे आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगिले ते नातवंडांनी विसरू नये.

वारली कुटुंबात पूर्वी लग्न करावयाचे म्हणजे सावकाराच्या किंवा जमीनदाराच्या दारी जावे लागे. धान्य, ताडी, वस्त्रे, आप्तांचे जेवण ह्यांसाठी थोडे रुपये तो देई, आणि त्यांच्या फेडीसाठी नवरामुलगा त्याच्या घरी राबू लागे. लग्न होताच बायकोही तेथेच राबे. मजुरी नाही, आणि हिशेब धन्याच्या वहीत, जी वही ह्यांस वाचता येत नसे. ते ऋण फिटतच नसे. अशा मनुष्यास 'लग्नगडी' म्हणत. एका दिवसाच्या आनंदासाठी जन्मभराचे दास्य! १९४५ सालच्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे हजारो वारली एकत्र जमले आणि ह्यापुढे वेठ करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. गोदावरी परुळेकर ह्या त्यांच्यात राहून काम करीत होत्या. त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या पुस्तकात ती सर्व हकीकत लिहिली असून त्यास १९७२ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. पुढे १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा देशभर झाला, आणि अशी दास्याची ऋणे कायद्याने रद्द झाली.

कायदा झाला, परंतु मोह गेला नाही. आज सावकाराची वही नसेल; पण वीटभट्टीच्या मुकादमाची उचल आहे, दुकानदाराची उधारी आहे, मोबाईलचे हप्ते आहेत. आमच्या ओळखीच्या एका बापाने मागे एका नाताळास सर्व लेकरांस नवे कपडे यावेत म्हणून आधीच घेतलेल्या उचलीवर आणखी उचल घेतली. कपडे आले. परंतु वाढलेली उचल फिटेपर्यंत त्यास भट्टीवरून रजा मिळेना. नाताळच्या सकाळी धाकटी मुलगी नवा झगा घालून उपासनेस आली खरी. पण सारा वेळ ती दाराकडे पाहत होती. तिचा बाप सणाला आला नाही. बापाची प्रीती खोटी नव्हती. परंतु त्याने जे विकत आणिले त्याची किंमत त्याने स्वतःच्या उपस्थितीने दिली, आणि लेकरास झग्यापेक्षा बाप हवा होता.

म्हणून आमची पहिली सूचना स्पष्ट आहे. आजारपण, बी-बियाणे, लेकराची शाळा ह्यांसाठी कर्ज घ्यावे लागते ती गोष्ट निराळी. परंतु नाताळच्या भेटीसाठी एक रुपयाही उसना घेऊ नये. पौल प्रेषित करिंथ येथील मंडळीस हेच शिकवितो की, देण्याची उत्सुकता असली म्हणजे मनुष्यापाशी जे असेल त्याप्रमाणे त्याचे दान मान्य होते. जे नाही त्याप्रमाणे नाही. (२ करिंथ, अध्याय ८, वचन १२ पाहा.)

३. आधी मनुष्य पाहावा, मग वस्तू

ऋण काढावयाचे नाही, तर द्यावे काय? ह्याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. आपल्याच डहाणू तालुक्यात, समुद्राकडील बाजूस, बोर्डी व कोसबाड ही गावे आहेत. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालकांच्या शिक्षणाचे काम आरंभिले, आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी पद्धतीची बालशाळेची साधने महाग होती. खेड्यातल्या शाळेस ती कोठून मिळणार? तेव्हा ह्या बायांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती, बांबू ह्यांचीच साधने केली. चिंचोक्यांनी मोजणी शिकविली, पानाफुलांनी रंग शिकविले.

परंतु ह्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आदिवासी मुले शाळेत येत ना. का येत नाहीत, हे त्यांनी पाहिले. कोणी गुरे राखीत होता, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत होती. मग त्यांनी शाळाच उचलून मुलांकडे नेली. अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि जेथे गुरे चरत तेथे भरली ती कुरणशाळा. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंस १९८५ साली पद्मश्री हा किताब सरकारने दिला; परंतु त्यांचे खरे शहाणपण त्या कुरणात दिसते. त्यांनी आधी मूल पाहिले, मग त्याच्या जोगी वस्तू शोधिली.

विचाराने दिलेली भेट म्हणतात ती हीच. बाजारातील वस्तू पाहून ती कोणास द्यावी असे ठरवू नये. मनुष्याकडे पाहून त्यास काय उणे आहे हे ठरवावे. यापोतील दुर्कस विधवांसाठी अंगरखे व वस्त्रे शिवी. ती मेली तेव्हा त्या विधवा रडत पेत्रास तीच वस्त्रे दाखवू लागल्या. तिने कोणास काय हवे हे आधी पाहिले होते, म्हणून प्रत्येकीपाशी दाखविण्यास काही होते.

४. आमची एक चूक

येथे आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. तिच्यापासून उपदेशकबंधूंस लाभ होईल अशी आशा आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका लहान मंडळीत नाताळच्या उपासनेनंतर आम्ही देणाऱ्यांची यादी उभे राहून वाचली. हेतू उत्तेजन देण्याचा होता. ज्याची रक्कम मोठी त्याचे नाव आधी, असे करीत शेवटी एका विधवेचे नाव आले : "एक शेर वाल." कोणी मागे बसलेला हसला. पुढील तीन रविवार ती बाई आली नाही. चौथ्या दिवशी आम्ही तिच्या झोपडीस गेलो. तिने आम्हांस बसावयास घोंगडी घातली, पाणी दिले, आणि मग खाली पाहून म्हणाली, "पाद्रीबाबा, पेरून उरले तेवढेच वाल होते. देवाला ठाऊक होते. लोकांना कशाला सांगितले?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. मंदिराच्या भांडारापुढे बसून प्रभूने ज्या विधवेच्या दोन टोल्या पाहिल्या, तिच्याविषयी आम्ही कितीदा उपदेश केला होता! प्रभूने तिचे दान मोजिले ते तिच्या उरलेल्यावरून; आम्ही मोजिले ते शेरावरून. आम्ही तिची क्षमा मागितली. त्या दिवसापासून आमच्या मंडळ्यांत देणाऱ्यांची यादी वाचली जात नाही. जे येते ते एका टोपलीत एकत्र ठेवून सर्वांच्या नावाने एकच प्रार्थना होते.

लेकरे हल्ली चित्रांत ज्या लाल वस्त्रांच्या सांताक्लॉजला पाहतात, त्याच्या मुळाशी चौथ्या शतकातील मायरा नगरचा अध्यक्ष निकोलास ह्याची आठवण आहे. मायरा हे नगर आजच्या तुर्कस्तानात होते. परंपरेने अशी कथा सांगतात की, एका दरिद्री बापास तीन मुलींचे लग्न करण्यास पैसा नव्हता आणि मुली दास्यात जाण्याची वेळ आली होती. तेव्हा निकोलासने रात्री, कोणास न कळता, त्याच्या घरात सोने टाकिले. कथा कितपत घडली ते असो. लग्नगड्यांच्या मुलखात राहणाऱ्या आपणांस तिचा अर्थ दुसऱ्याने सांगावा लागत नाही. भेट अशी असावी की तिने मनुष्य मोकळा व्हावा; आणि अशा रीतीने द्यावी की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये.

५. आपल्यापाशी काय आहे

आता व्यवहाराचे बोलू. आमच्या पाहण्यात असे आले आहे की, ज्यास आपण रिकामा हात म्हणतो तो क्वचितच रिकामा असतो.

शेताचे : नवे तांदूळ घरी आले आहेत. हातसडीचे शेरभर तांदूळ स्वच्छ निवडून, पळसाच्या पानांच्या पुडीत बांधून, ज्याचे भात किडीने किंवा पावसाने गेले त्याच्या घरी न्यावेत. नागलीचे पीठ, परसातील भाजी, कोंबडीची चार अंडी, हीही भेटच आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जे वाड्यांत मजुरीस जातात त्यांनी आपल्या पैशाने घेतलेले चार चिकू आजाऱ्याच्या उशाशी ठेविले तर ते शहरातील मिठाईस हार जाणार नाहीत.

हाताचे : ज्यास बांबूचे काम येते त्याने म्हाताऱ्या शेजारणीचे फाटके सूप नवे करून द्यावे. ज्यास सुतारकाम येते त्याने विधवेचे मोडके दार बसवावे. मुलांस चिंचोक्यांचा खेळ, ताडपानाची भिंगरी, मातीचे बैल, करवंट्यांची तागडी करून द्यावी. आणि करताना मुलास जवळ बसवावे, कारण भेटीचा अर्धा भाग ते बसणेच आहे. आपल्या लोकांच्या हाती भिंतीवरील चित्रांची कलाही आहे. तांदळाच्या पिठाची ती चित्रे, जी घरच्या बाया लग्नात काढीत, ती गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांच्या हातून जगभर गेली, आणि २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. मग आपण नाताळच्या शुभेच्छेचे छापील पत्र विकत का घ्यावे? गेरूने रंगविलेल्या कागदावर मुलीने काढिलेला गोठा, गाय, बाळ आणि भोवती नाचणारी माणसे ज्याच्या घरी जातील, तो ते पत्र वर्षभर भिंतीस लावून ठेवील. पिठात थोडा डिंक घालावा म्हणजे चित्र झडत नाही.

वेळेचे : ही भेट सर्वांपाशी आहे. बाळंतिणीच्या घरी आठ दिवस पाणी भरणे. ज्यास वाचता येत नाही त्याच्या मुलाचे पत्र किंवा बँकेचा कागद वाचून दाखविणे. आजाऱ्यास कासा येथील रुग्णालयात सोबत जाणे. आणि पुष्कळ कुटुंबे ह्या दिवसांत वीटभट्ट्यांवर असतात, किंवा घरचा पुरुष गुजरातच्या बंदरांत बोटीवर असतो. त्यांस काय द्यावे? त्यांच्या शेळ्या राखाव्यात, त्यांच्या वालाच्या शेताकडे लक्ष ठेवावे, मागे राहिलेल्या म्हातारीस सणाच्या दिवशी आपल्या पंगतीस बसवावे, आणि ह्याची खबर त्यांस फोनवर द्यावी. परदेशी मनास ह्याहून अधिक समाधान देणारी भेट आम्हांस ठाऊक नाही.

हे सर्व केवळ मंडळीतल्यांसाठी नव्हे. शेजारी कोणत्याही देवाचे नाव घेवो, त्याच्या दारी नाताळची पुडी जावी. आणि ती नेताना उपदेश करू नये. दिवाळीस त्याने दिलेले आपण खाल्ले आहे, हे विसरू नये.

६. मुठीचा हिशेब

थोडा पैसा किंवा धान्य लागतेच. त्याची तरतूद एका दिवसात होत नाही, मुठीमुठीने होते. ईशान्येकडील मिझोराममध्ये मिझो मंडळ्यांतील बायांनी सुमारे १९१० सालापासून एक चाल पाळिली आहे : स्वयंपाकास तांदूळ घेताना प्रत्येक वेळी एक मूठ निराळी काढून ठेवावयाची. तिला ते 'बुहफाई थम' म्हणतात. ते लोकही डोंगराळ, शेतीवर पोट भरणारे. त्या एकेका मुठीवर त्यांच्या मंडळ्यांचे मोठे काम आजवर चालत आले आहे.

आपण लहान प्रमाणात करून पाहू. १५ नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत ४० दिवस होतात. दोन वेळच्या दोन मुठी धरिल्या तर ८० मुठी. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरिली तर ४ किलो तांदूळ झाले. दहा घरांनी असे केले तर ४० किलो. म्हणजे चार-चार किलोच्या दहा पुड्या, आणि गावातील सर्वांत अडचणीतील दहा घरे. ज्यास ह्या वर्षी ४० दिवस उरले नाहीत त्याने आजपासून आरंभ करावा. दहा दिवसांचाही एक किलो होतो. मात्र ज्या घरी दोन वेळचे जेवणच पुरत नाही त्या घरी मूठ मागू नये. त्या घरी मूठ न्यावी.

पैशाचेही तसेच. डिसेंबरात जितके हातात आहे ते कुटुंबाने एकत्र बसून मोजावे, मुलांदेखत मोजावे, आणि त्याचे आधीच भाग करावेत : इतके घरच्या जेवणास, इतके मुलांस, इतके शेजाऱ्यास. संपले म्हणजे संपले. मुलांपासून ऐपत लपवू नये. जे मूल बापासोबत बसून चाळीस रुपयांत आजीसाठी काय घ्यावे ह्याचा विचार करिते, ते भेट घेण्यापेक्षा मोठी गोष्ट शिकते.

विचारण्याचे प्रश्न

उपदेशकबंधूंनी पाठानंतर हे प्रश्न विचारावेत. उत्तरे घाईने सांगू नयेत. लोकांस बोलू द्यावे.

(१) योसेफ व मरीया ह्यांनी कोकरू का आणिले नाही? देवाने त्यांच्यासाठी नियमात काय ठेविले होते?
(२) तुमच्या घराण्यात लग्नगडी कोणी होता काय? घरातील वडीलधाऱ्यांस विचारून सांगा.
(३) मागील नाताळास तुम्हांस मिळालेली कोणती गोष्ट आजही आठवते? तिची किंमत किती होती?
(४) आपल्या पाड्यात ह्या सणाला कोण एकटे आहे? त्यास काय उणे आहे?
(५) ज्यासाठी पैसा लागत नाही अशी कोणती एक गोष्ट तुम्ही २५ डिसेंबरपूर्वी कराल?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने मनात ठेवावे, सर्वांपुढे सांगू नये. त्याची यादी करू नये आणि वाचू तर मुळीच नये. ते देवाला ठाऊक असले म्हणजे पुरे. हे आम्हांस त्या एक शेर वालांनी शिकविले.